पांढऱ्या गाडीची टाकी

नऊ दिवस झाले तरी पांढऱ्या गाडीने एकदाही टाकी काढायला सांगितली नव्हती. वहिनीला ही गोष्ट पाचव्या दिवशीच खटकली होती, पण पाहुण्याला तोंडावर विचारायचं कसं? जेवलात का, असं विचारता येतं. त्याच्या पुढचं विचारता येत नाही.

तलावाच्या काठाला वहिनी आणि तिच्या नवऱ्याच्या भाड्याने द्यायच्या आठ जागा होत्या. एकेका जागेला विजेचा खांब, नळ, बसायला दगडी ओटा आणि जमेल तेवढी सावली. शहरातली माणसं आपापली घरगाडी आणून तिथे लावत आणि चार-आठ दिवस पाण्याकडे तोंड करून बसत. गाडीत पलंग असे, शेगडी असे, आणि एका कोपऱ्यात संडासही असे. त्याच्याखाली सुटकेसएवढी टाकी. तिच्यात झाकणभर निळं औषध टाकलं की वास मरतो. पण औषध म्हणजे काही जादू नव्हे. दोन माणसांची टाकी तिसऱ्या दिवशी भरतेच. मग वहिनीचा नवरा गाडीच्या कुशीतलं छोटं दार उघडून ती ओढून काढी, हातगाडीवर घाली, झाडीमागच्या खड्ड्यात रिकामी करी आणि खळबळून परत बसवी.

नवऱ्याला सगळे तंबूशेठ म्हणत. पूर्वी तो लग्नाकार्यात तंबू ठोकायचा, तेव्हापासूनचं नाव. शेठपणा नावापुरताच होता. दिवसाला चार-पाच टाक्या वाहून त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली उतरला होता. "माणूस काय वाटेल ते सांगेल," तो म्हणायचा, "टाकी खोटं बोलत नाही. कोण किती खातो, कोण चोरून पितो, मला सगळं ठाऊक."

त्या उन्हाळ्यात तलाव फार आटला. होड्या बांधायचा लाकडी धक्का कोरड्यावर आला आणि त्याच्या खाली कुत्री झोपायला लागली. काठाची माती भेगाळली. आणि त्यांच्या जागांच्या डाव्या अंगाला, लव्हाळ्यांच्या कोपऱ्यात, मासे पोट वर करून तरंगू लागले. आधी पाच-दहा होते. मग रोज सकाळी टोपलीभर.

जाळेवाले आबा दोनदा येऊन सांगून गेले होते. तिसऱ्या खेपेला ते ओट्यावर बसले आणि चहा नको म्हणाले.

"वहिनी, भांडायला नाही आलो," आबा म्हणाले. "पण पोरं ऐकेनात. तक्रार दिलीय त्यांनी. पाच दिवसांनी तलावाचे साहेब येतायत. घाण तुमच्या गाड्यांची निघाली, तर परवाना गेला म्हणून समजा."

"आमची घाण खड्ड्यात जाते, आबा. खड्डा वेळेवर उपसतो आम्ही."

"मग मासे काय हौसेने मरतायत?"

आबा गेले. तंबूशेठ नळाशी हात धूत होता. साबण लावून, घासून, पुन्हा साबण लावून. त्याने वर न बघता म्हटलं, "त्या पांढरीवाल्याला विचार की. सात दिवसांत टाकी भरत नाही म्हणजे काय? माणसं आहेत का मूर्ती?"

वहिनीच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

मग ती बघायला लागली. आणि एकदा बघायला बसलं की संशयाला काय कमी? पांढरीवाला सत्तरीचा, काटक, जाड चष्म्याचा. उजाडता उजाडता तो गाडीतून उतरे. एका हातात झाकण लावलेली बादली, दुसऱ्या हातात आखूड फावडं. इकडे तिकडे बघे आणि झाडीत शिरे. अर्ध्या तासाने परत येई, तो बादली धुऊन, पालथी धरून. त्याची बायको गाडीत होती, पण ती आली त्या दिवसापासून कुणाला दिसली नव्हती. खिडक्यांना पडदे, दिवसासुद्धा. मधूनच आतून काहीतरी सरकवल्यासारखा आवाज येई. एक दिवस तो सुताराकडून पोतंभर भुसा घेऊन आला. घरगाडीत भुसा कशाला लागतो?

"प्रेतं बिरतं पुरतोय की काय," सासू म्हणाली. सासू दारात बसून दिवसभर धान्य निवडायची आणि जगाला नावं ठेवायची.

"काहीतरीच बोलू नका, आई."

"मी आपलं म्हटलं. बायको दिसत नाही त्याची."

वहिनीने नवव्या दिवशी धीर केला. तो नळावर पाणी भरत होता, तिथे ती उगाच झाडू घेऊन गेली. "काका, टाकी काढायची का आज? यांना सांगते."

"नाही, नाही. गरज नाही," तो घाईने म्हणाला. त्याने पाणी सांडेपर्यंत भरलं आणि गाडीचं दार आतून लावून घेतलं. दाराची कडी वाजलेली तिने ऐकली.

वहिनीच्या मनाला तसा आणखी एक काटा होता. तिचा धाकटा भाऊ, बाळ्या. आता पस्तिशीचा, मिशीवाला, स्वतःचा टँकर असलेला, तरी बाळ्याच. खड्डे उपसायचा त्याचाच धंदा. मागच्या उन्हाळ्यात इथला खड्डा उपसताना, पाहुणे चहा पीत बसले होते त्यांच्यासमोर, तो हसत म्हणाला होता, "दाजी, धंदा तुमचा आणि वास माझ्या अंगाला! माझा पाईप आहे म्हणून तुमची शेठगिरी." पाहुणे खो खो हसले. तंबूशेठही हसला. पण तो हसला की नाही हे त्याच्या बायकोला बरोबर कळत होतं.

या मोसमात बाळ्या चार वेळा खड्डा उपसून गेला, असं तंबूशेठने तिला सांगितलं होतं. दर वेळी ती बाजाराला गेलेली असतानाच. "थांबला नाही?" ती विचारी. "म्हटलं मी, बस, ताई येईलच. म्हणाला, घाई आहे." चार वेळा आला आणि बहिणीच्या घरचं पाणीसुद्धा न पिता गेला! तिने त्याच्या लेकीसाठी फ्रॉक शिवून ट्रंकेत ठेवला होता. तोही तिने रागारागाने तळाशी सारला होता. फोन करायचा नाही असं ठरवलं होतं. आपणच का दर वेळी पडतं घ्यायचं?

दहाव्या दिवशी सकाळी जाळेवाल्यांची पोरं आली. त्यांनी मेलेल्या माशांची टोपली फाटकात पालथी केली. ऊन तापायच्या आतच वास उठला. गाड्यांमधले पाहुणे नाकाला रुमाल लावून बाहेर आले. आबा मागून धापा टाकत आले, पण त्यांना कुणी विचारेना.

"सांगा, कुठली गाडी?" एक पोरगा ओरडला. "का साहेबालाच दाखवू?"

तंबूशेठने हात वर केला. पांढऱ्या गाडीकडे.

आता वहिनीला माघार घेता येईना. सगळ्यांच्या देखत ती गाडीशी गेली आणि तिने दारावर थाप मारली. "काका, बाहेर या. टाकी दाखवा तुमची."

म्हातारा उतरला. त्याच्या हाताला साबणाचा फेस होता. "काय झालं?"

"दहा दिवसांत तुमची टाकी भरत नाही. पहाटे बादली घेऊन कुठे जाता तुम्ही? तलावात मासे मरतायत आमचे."

त्याने जमलेल्या माणसांवरून एकदा नजर फिरवली. चौदा-पंधरा जण होते. मग त्याने खिशातून किल्ली काढली, गाडीच्या कुशीतलं दार उघडलं आणि टाकी ओढून जमिनीवर ठेवली. वहिनीने स्वतः तिचं झाकण काढलं. आत कोरडं ठणठणीत. तोंडावर कारखान्यातला कागद तसाच चिकटलेला. टाकीच्या मागच्या फटीत निळ्या औषधाच्या सहा बाटल्या, एकीचंही सील फोडलेलं नव्हतं.

"ती वापरतच नाही आम्ही," म्हातारा म्हणाला. त्याचा आवाज खाली गेला, पण शांतता इतकी होती की सगळ्यांना ऐकू आला. "आमच्या हिला कमरेखाली जोर नाही. त्या अरुंद खोक्यात तिला बसवता येत नाही. भोक पाडलेली खुर्ची केलीय, खाली बादली. वर भुसा टाकतो. सकाळी झाडीत हातभर खोल खणून पुरतो. तुमच्या माणसाने तिचं उचलून न्यायचं... म्हणजे, तिला ते आवडत नाही. कुणी बघितलेलं. इतकंच."

आतून, पडद्याआडून, बाईचा आवाज आला. "अहो, पुरे झालं हो. या आत."

कुणाला कुठे बघावं कळेना. आबांनी डोक्यावरची टोपी काढली, दोन्ही हातांनी धरली आणि पोरांना म्हणाले, "उचला ते मासे. उचला आधी." वहिनीला वाटलं, पायाखालची जमीन दुभंगेल तर बरं. आणि तेवढ्यात तंबूशेठ म्हणाला, "पुरणं तरी कुठे नियमात बसतं? साहेबांना सांगावं लागेल."

तिने वळून नवऱ्याकडे बघितलं. तो टाकीचा कागद निरखत होता.

अकराव्या दिवशी सकाळी म्हाताऱ्याने सामान आवरायला घेतलं. ओट्यावरच्या खुर्च्या घडी केल्या, दोरीवरच्या चादरी काढल्या. वहिनी दोनदा त्या बाजूला गेली आणि दोनदा परत आली. तिसऱ्यांदा तोच म्हणाला, "बोला, वहिनी."

"चुकलं माझं, काका."

"जाऊ द्या." त्याने चादरीची घडी नीट बसेना म्हणून पुन्हा मोडली. "चाळीस वर्षं नळकाम केलं मी. लोकांच्या मोऱ्या तुंबल्या की खरं कारण पहिल्या झटक्यात कधी सापडलं नाही मला. एक विचारू? खड्डा केवढा आहे तुमचा?"

"पुरुषभर खोल. दोन हात रुंद."

"कधी उपसलात?"

"वीस दिवस झाले असतील. माझा भाऊच उपसतो."

"आठ गाड्या, वीस दिवस," म्हातारा पुटपुटला. "परवा मी भुशाचं पोतं ठेवायला त्या झाकणावर उभा राहिलो. भरत आलेला खड्डा असा वाजत नाही. आत रिकामा वाटला मला. माझं चुकत असेल." त्याने सहाही बाटल्या तिच्यापुढे केल्या. "आम्हाला नकोत या. खड्ड्यात ओतून बघा, आणि मागून भरपूर पाणी. मग काठावर चक्कर मारा. काही दिसलं नाही तर उत्तमच."

तंबूशेठ स्कूटर घेऊन गॅसची टाकी आणायला गेला होता. वहिनी बाटल्या ओटीत घालून झाडीमागे गेली. खड्ड्याच्या लोखंडी झाकणात तिने पहार घातली आणि जोर लावला. झाकण उचललं तेव्हा वासाने तिला दोन पावलं मागे हटवलं, तरी ती वाकून बघायची राहिली नाही. मळी तळाशी होती. गुडघाभर. वीस दिवसांची आठ गाड्यांची घाण गुडघाभर? तिने एकेक बाटली फोडून रिकामी केली. नळाला बारीक धार होती, म्हणून मग ती खालून तलावाचं पाणी आणायला लागली. धक्क्यापासून पाणी साठ पावलं लांब गेलेलं. दोन हातांत दोन बादल्या, चढ, आणि टाचेखाली तापलेले खडे. बारा खेपा झाल्या तेव्हा तळहाताची कातडी कडीने सोलली. सासू दारातून ओरडली, "अगं, झाडं लावतेस का खड्ड्यात?" ती तेराव्या खेपेला निघाली.

दुपारी जेवण न करता ती काठाने निघाली. लव्हाळ्यांपाशी माशा घोंघावत होत्या. चिखल सुकून वर पापुद्रे आले होते, आणि त्या पापुद्र्यांच्या मधून एक बारीक ओघळ पाण्याकडे चालला होता. निळा. शाळेच्या शाईसारखा निळा. ती ओघळाच्या मागे मागे वर गेली. लव्हाळ्यांच्या बुडख्यात एक चपटा दगड होता. दगड तिने पायाने सरकवला, तर त्याच्या खाली काळ्या पाईपचं तोंड. पाईप दोन तुकड्यांचा, आणि सांध्याला गुंडाळलेली पट्टी हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या कापडाची. जुन्या तंबूचं ते कापड तिनेच कापून ठेवलं होतं. गाठ दुहेरी, पीळ आत वळवलेला. तंबूच्या खुंटीला अशी गाठ मारणारा या काठावर एकच माणूस होता.

ती तिथेच चिखलात बसली. तिला पहिल्यांदा परवाना आठवला नाही, मासेही आठवले नाहीत. तिला बाळ्या आठवला.

तंबूशेठ परत आला तेव्हा ती स्वयंपाकघरात उभी होती. पायाला निळा चिखल तसाच. त्याने पाय बघितले आणि गॅसची टाकी हळूच खाली ठेवली.

"बाळ्या किती वेळा आला होता?" तिने विचारलं.

"कशाला आता ते?"

"किती वेळा?"

तो पाटावर बसला. "नाही आला."

"एकदाही?"

"नाही बोलावलं. सगळ्यांसमोर माझी लाज काढली त्याने. त्याच्यापुढे पुन्हा हात जोडू? दाजी आहे मी त्याचा." उजवा खांदा चोळत तो म्हणाला. "पाईप टाकला तेव्हा तोंड पाण्याच्या खूप खाली होतं. दोन पुरुष पाणी होतं वर. मला काय ठाऊक, तलाव एवढा आटेल. रोज वाटायचं, उद्या काढू."

"आणि मला सांगत राहिलात की तो पाणी न पिता जातो. मी त्याच्यावर राग धरला. चार महिने."

"ते... तू विचारायचीस म्हणून सांगितलं."

इतकं सोपं होतं ते त्याला.

"हे बघ," तो जवळ सरकला. "साहेब उद्या येतायत. म्हातारा जाईल त्याआधी, नाही गेला तरी सकाळी निघेलच. गाडीचा नंबर द्यायचा. पुरतो तर तो आहेच ना? त्याच्यावर कारवाई काय होणार, लांबचा माणूस. आपलं मात्र सगळं वाचेल. पाईप मी काढतो पहाटे."

सासू दारात होती. निवडायचं ताट तिच्या मांडीवर तसंच होतं. "पोरी," ती म्हणाली, "तो म्हणतो त्यात काही वावगं नाही. घर आहे आपलं."

वहिनीने पाय धुतले नाहीत. ती मागच्या अंगणात गेली आणि तिने चार महिन्यांनी भावाला फोन लावला. पलीकडून "ताई?" असा आवाज आला तेव्हा ती म्हणाली, "उद्या सकाळी ये. टँकर घेऊन."

साहेब दुसऱ्या दिवशी नऊला आले, सोबत कागदांची चामडी पिशवी. जाळेवाले फाटकापाशी उभे होते, आबा पुढे. पांढऱ्या गाडीचं इंजिन चालू होतं. म्हातारीला प्रवासासाठी नीट बसवेपर्यंत रात्र झाली म्हणून म्हातारा आदल्या दिवशी निघाला नव्हता. साहेबांनी ओट्यावर कागद पसरला. "बोला. संशय कुणावर?"

"ती पांढरी," तंबूशेठ म्हणाला. "बादलीने बाहेर नेताना आम्ही सगळ्यांनी पाहिलंय. नंबर लिहून घ्या."

साहेबांनी नंबराचे पहिले दोन आकडे लिहिले. म्हातारा चाकाशी उभा होता. त्याने चष्मा पुसला.

"तुमचा खड्डा?" साहेबांनी विचारलं.

"माझा मेव्हणा उपसतो. चारदा उपसलाय."

तेवढ्यात उतारावरून टँकरचा भोंगा वाजला. बाळ्या वेगाने आला, धूळ उडवत, आणि फाटकात गचकन थांबून उतरला. त्याने दाजींकडे बघितलं नाही. बहिणीकडे बघितलं.

"हाच का मेव्हणा?" साहेब म्हणाले. "काय हो, या मोसमात चार वेळा उपसलात ना खड्डा?"

बाळ्याने ओठ चावला. वहिनीला त्याचा चेहरा लहानपणापासून पाठ होता. ती म्हणाली असती तर तो हो म्हणाला असता. चार काय, चाळीस म्हणाला असता. तंबूशेठचा श्वास तिला मागे ऐकू येत होता. आठ जागा, आठ नळ, आठ खांब. यातला एकेक ओटा तिने दगड वाहून बांधला होता.

"ताई, काय सांगू?" बाळ्याने हळू विचारलं.

"आहे ते."

"मागच्या उन्हाळ्यानंतर मी इथे आलोच नाही, साहेब."

"तो नंबर खोडा," वहिनी म्हणाली. "चला, मी पाईप दाखवते."

साहेबांनी पाईप बघितला, पट्टी बघितली, चिखलातला निळा डाग बघितला आणि पेन्सिलीने बराच वेळ लिहिलं. बारा वाजेपर्यंत फाटकाला जागा बंद केल्याची पाटी ठोकली गेली. जाळेवाल्या पोरांना वाटलं होतं, आपल्याला जिंकल्याचा आनंद होईल, पण ती गुपचूप निघून गेली. आबा तेवढे थांबले. म्हणाले, "पाऊस झाला, पाणी चढलं, की मी स्वतः साहेबांकडे येईन तुझ्याबरोबर. बघू." बघू म्हणजे काय ते दोघांनाही ठाऊक होतं.

एकेक गाडी निघाली. पांढरी शेवटी. वहिनी तिच्या खिडकीशी गेली. पडदा बंदच होता. "काकू, माफ करा मला," ती पडद्याला म्हणाली. मग आतून आवाज आला, "प्यायचं पाणी तेवढं भरून दे, बाई. लांब जायचंय." तिने नळी लावून शेवटच्या थेंबापर्यंत टाकी भरून दिली.

बाळ्याने दुपारभर खड्डा उपसला. हात धुऊन तो पायरीवर बसला तेव्हा वहिनीने त्याला तांब्याभर पाणी दिलं, आणि तो ते एका दमात प्यायला. मग तिने ट्रंकेच्या तळातून फ्रॉक काढून आणला. बाळ्याने तो धरून बघितला. "ताई, ती केवढी वाढलीय. गुडघ्याच्या वर येईल हा."

"दुमड सोडली की चार बोटं वाढेल. आण इकडे." ती तिथेच बसून दातांनी दोरा तोडायला लागली. रडायला आलं ते तिला अजिबात लपवता आलं नाही, आणि बाळ्या उगाच टँकरचे टायर बघत राहिला.

टँकर गेल्यावर तंबूशेठ काठाकडून वर आला. कोपरापर्यंत चिखल, खांद्यावर काळ्या पाईपची वेटोळी. त्याने ती ओट्यावर टाकली आणि नळाशी हात धुवायला बसला. साबण लावून, घासून.

"काढला सगळा," तो म्हणाला. "तोंड बुजवलंय."

कालपर्यंत तिने मान डोलावली असती. तिने फ्रॉकची सुई कापडात टोचून ठेवली, चपला घातल्या आणि ती बघायला खाली निघाली.